उतरायची राहिलेली स्टेशने

प्रेक्षणीय स्थळ कशाला म्हणावे, याची आम्हां मध्यमवर्गीयांची व्याख्या ठरलेली आहे. तेथे पोहोचायला निदान एक रात्र गाडीत काढावी लागली पाहिजे. तिकिटाची खिडकी असली पाहिजे, भाजलेले कणीस मिळाले पाहिजे, आणि परत आल्यावर शेजाऱ्यांनी "कसा काय झाला प्रवास?" असे विचारले पाहिजे. घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर जे असते ते या व्याख्येत बसत नाही. ते रोजचे झाले. आणि रोजचे कोण पाहतो?

या सदरातून वर्षभर मी वाचकांना लांबलांबच्या गावी हिंडवून आणतो. दिवाळी अंकासाठी मात्र मुक्काम घरीच ठेवण्याचे ठरवले आहे. घर म्हणजे ठाण्याचे कोलशेत. उल्हास नदीच्या खाडीकाठचे हे जुने आगरी-कोळ्यांचे गाव. पुढे येथे कारखाने आले, आणि कारखान्यांच्या जागी आता आमच्यासारख्यांचे टॉवर उभे आहेत. गावाच्या नावात शेत आहे. ते प्रत्यक्षात दिसायला मात्र बराच जाड चष्मा लागतो. 'सॅन्डोझ बाग' हे नाव अजून टपालाच्या पत्त्यात आहे, पण ज्या कारखान्यावरून ते पडले तो आता तेथे नाही. नावे अशीच मागे राहतात. माणसे आणि कामे पुढे जातात.

२०२४ साली आमच्या कोलशेतला सुमारे वीस एकरांचे भव्य उद्यान झाले. त्यात मोगल धाटणीची बाग आहे, चिनी आहे, जपानी आहे, मोरोक्कोचीही आहे. रविवारी मुलुंडपासून डोंबिवलीपर्यंतची मंडळी डबे बांधून येतात. आमच्या शेजारच्या वहिनी तर "मोरोक्कोत एक फेरी मारून येते, तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या मोजा" असे यजमानांना बजावून जातात. मला या बागेची थट्टा करायची नाही. संध्याकाळी मीही तेथे बसतो आणि गार वारा फुकट खातो. पण तेथून निघून खाडीच्या काठी उभे राहिले, म्हणजे मनात येते की मोरोक्को पाहून झाला, आता ठाणे केव्हा पाहायचे?

हा प्रश्न मला सुचला याचे श्रेय आमच्या काकांना आहे. काकांचे वय एक्याऐंशी. काकू गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षे, ते आमच्याकडे असतात. रेल्वेत त्यांची अडतीस वर्षे नोकरी झाली. त्यांतली शेवटची बावीस वर्षे ते लोकलगाडीचे गार्ड होते. २०२२ पासून रेल्वेने गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायला सुरुवात केली. ते ऐकून काका म्हणाले, "बरे झाले मी आधी सुटलो. मॅनेजर झालो असतो तर घरी हिशेब द्यावा लागला असता!"

गेल्या वर्षी काकांना काचबिंदू झाल्याचे कळले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब उरलेली सांभाळण्यासाठी. आम्ही घाबरलो. काकांनी मात्र आपल्या धंद्यातल्या भाषेत ते समजून घेतले. म्हणाले, "पारसिकच्या बोगद्यात असल्यासारखे दिसते रे. समोर उजेडाची चकती, बाजूंनी काळोख. मोटरमन पुढे असतो, त्याला ती चकती मोठी होत जाताना दिसते. गार्ड मागे असतो. त्याला ती लहान होत जाताना दिसते. मला या दृश्याची सवय आहे."

१९१६ साली खुला झालेला सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा तो बोगदा मी शेकडो वेळा ओलांडला असेन. पण त्याला दोन टोके असून दोन माणसांना तो दोन तऱ्हांनी दिसतो, हे मला त्या दिवशी कळले.

मग घरात सल्लामसलत सुरू झाली. काकांची नजर आहे तोवर त्यांना काही दाखवावे, असे सर्वांच्या मनात आले. सौभाग्यवतींनी रामेश्वर सुचवले, मी काशी म्हटले, आणि सहावीतल्या कन्येने आग्रा. काकांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मला लांब नको नेऊस. बावीस वर्षे मी अंबरनाथला गाडी थांबवली. दोन घंटा दिल्या आणि पुढे गेलो. ते देऊळ स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला, तेही मला ठाऊक नाही. ठाणे स्टेशन मला तोंडपाठ, पण ठाणे नाही. मला ही उतरायची राहिलेली स्टेशने दाखव."

आमच्या सहलींचा आरंभ असा झाला. महिन्यातून एक रविवार, आणि संध्याकाळी घरी परत. खर्च म्हणाल तर रिक्षा, लोकल आणि परतताना कुठे तरी मिसळ.

पहिला रविवार ठाण्याच्या किल्ल्याचा. "ठाण्याला किल्ला आहे?" असे विचारणारे ठाणेकर मला भेटले आहेत. त्यांचा दोष नाही, कारण आपण त्याला किल्ला म्हणतच नाही. आपण त्याला तुरुंग म्हणतो. पोर्तुगीजांनी १७३० साली तो बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, १७३७ साली, मराठ्यांनी ठाणे घेतले. १७७४ च्या डिसेंबरात तो इंग्रजांच्या हाती गेला, आणि पुढे त्याचे कारागृह झाले. ते आजही चालू आहे. त्यामुळे हा किल्ला आपल्याला भिंतीच्या बाहेरूनच पाहावा लागतो. आत जाण्याच्या ज्या अटी आहेत त्या पुऱ्या करण्याची कोणाचीही इच्छा नसते.

भिंतीच्या बाहेर उभे राहून मी काकांना आणि कन्येला त्रिंबकजी डेंगळे यांची हकीकत सांगितली. १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. बाजीरावाचा हा लाडका कारभारी त्यात गुंतल्याचा इंग्रजांचा आरोप होता, म्हणून त्याला येथे कोंडले. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, कारण ते कैद्याशी संगनमत करणार नाहीत. पण त्यांना मराठी येत नव्हते! खिडकीखाली एक मोतद्दार घोडे खरारा करीत रोज गाणी म्हणे. गोऱ्या शिपायांना वाटे, गडी खुशीत आहे. गाण्यात मात्र निरोप होता, की रानात माणसे दबा धरून आहेत आणि एक घोडा स्वाराची वाट पाहत उभा आहे. १८१६ च्या सप्टेंबरात, पावसाळी रात्री, त्रिंबकजी निसटला. पुढे हेबर नावाच्या इंग्रज बिशपाने ही हकीकत आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली.

काकांना ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे भाषा न येणारा पहारेकरी हा उघडा दरवाजाच म्हणायचा," असे ते म्हणाले. पण याच भिंतीआड १८४८ साली राघोजी भांगरे फासावर गेले, आणि १९१० च्या १९ एप्रिलला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हे तिघे तरुण; हे सांगितले तेव्हा कोणीच काही बोलले नाही. कन्येने विचारले, "कान्हेरे किती वर्षांचे होते?" मी म्हटले, "विशीच्या आतले." तिने भिंतीकडे पुन्हा एकदा, निराळ्या नजरेने पाहिले. सहल झाली ती तेवढ्या एका क्षणात.

याच किल्ल्याच्या परिसरात १७८७ साली खणताना ताम्रपट सापडले. शके ९३९ मधले, म्हणजे सन १०१७ चे, शिलाहार राजा अरिकेसरी याचे ते दानपत्र. त्यात ठाण्याचे नाव 'श्रीस्थानक' असे आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १७८८ साली निघाला, त्यात त्याचे भाषांतर छापले गेले. म्हणजे आमच्या ठाण्याच्या मातीतला तांब्याचा पत्रा हिंदुस्थानच्या इतिहाससंशोधनाच्या अगदी पहिल्या पंक्तीला जेवायला बसला होता. आणि आम्ही मात्र ठाणे म्हणजे जलद गाडीचा थांबा समजतो.

थांब्यावरून आठवले. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने. पुढच्या वर्षी खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोहोचले. हे मी मोठ्या अभिमानाने सांगत होतो, तेव्हा काका मध्येच म्हणाले, "तीन इंजिनांची नावे तुला पाठ आहेत. आता गार्डाचे नाव सांग!" मला काय सांगता येणार? तेव्हापासून कोठलीही जुनी वास्तू पाहताना, ती बांधवली कोणी याच्या जोडीला, तेथे कामाला कोण होते हेही आम्ही एकमेकांना विचारतो. उत्तर बहुधा मिळत नाही; पण विचारल्यावाचून राहवत नाही.

दुसरा रविवार घोडबंदरचा. आमच्या कोलशेतवरून जे पाणी पश्चिमेला जाते ते घोडबंदराखालून वसईला समुद्राला मिळते. पूर्वी या बंदरात अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. आज 'घोडबंदर रोड' हे शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारतो, ते केवळ उशीर का झाला हे सांगण्यासाठी. त्या वाहनांच्या रांगेत तास काढल्यावर वाटते, घोडाच बरा होता. टेकडीवर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. तोही १७३७ साली मराठ्यांकडे आला. ठाण्याच्या किल्ल्याला निदान तुरुंगाची नोकरी लागली. याला इंग्रजी अमलानंतर धडशी नोकरीच मिळाली नाही, आणि बेकार माणसासारखा तो खंगत गेला. अलीकडे त्याची डागडुजी झाली आहे, हे समाधान.

तेथे बसून मी वसईची गोष्ट सांगितली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा त्या मुलखातल्या चर्चांच्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी घाटावर नेल्या आणि देवळांत बांधल्या. त्यांतल्या काही आजही जागच्या जागी आहेत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्याजवळच्या घाटावर एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळात दुसरी, १७२१ ची. भीमाशंकरला तिसरी, १७२९ ची. जिने एके काळी ख्रिस्ताच्या प्रार्थनेला माणसे बोलावली, ती पुढे महादेवापुढे नांदली. तिला कोणी वितळवून तोफेत घातले नाही, कारण ती घंटा होती आणि देवळालाही घंटाच हवी होती.

काका हे फार लक्ष देऊन ऐकत होते. घंटा हा त्यांचा विषय. मोटरमनला एक घंटा दिली की थांब, दोन दिल्या की चल, या हिशेबात त्यांचे आयुष्य गेले. ते म्हणाले, "बघ, बदली झाली तरी काम तेच राहिले. म्हणून टिकली."

वाचकहो, चार रविवार हिंडून मला जे शिकायला मिळाले ते काकांच्या या एका वाक्यात आहे. आपल्याकडचा इतिहास बहुतेक ठिकाणी निवृत्त झालेला नाही. तो अजून नोकरीत आहे. किल्ला तुरुंग झाला म्हणून उभा राहिला. घंटा वाजत राहिली म्हणून राहिली. रुळांवरून आजही माणसे धावतात. काम मिळाले म्हणून या गोष्टी वाचल्या, आणि कामात आहेत म्हणूनच त्या आपल्या नजरेला पडत नाहीत. घरात रोज राबणाऱ्या माणसाकडे आपण कोठे निरखून पाहतो? तसेच हे.

अंबरनाथ आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले होते. जाताना कल्याण लागले, तेव्हा १६५७ साली शिवाजी महाराजांनी ते घेतले आणि दुर्गाडीच्या खाडीकाठी मराठी आरमाराची सुरुवात झाली, एवढे मी गाडीतच सांगून टाकले. अंबरनाथचे देऊळ पूर्वेला आहे, हे काकांना अखेर कळले. ओढ्याच्या काठी, काळ्या दगडाचे. उत्तरेकडच्या दारावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे सन १०६०, आणि शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे. अक्षरे इतकी झिजलेली, की आधीच्या वाचनात हा आकडा ७८२ ठरला होता. दोनशे वर्षांची चूक! हे सांगताच काका हसले. "म्हणजे चांगल्या डोळ्यांनाही कमी दिसते तर!"

मी देवळाभोवती पाच मिनिटांत एक प्रदक्षिणा घातली आणि देऊळ पाहून झाले असे समजलो. काकांना तीच प्रदक्षिणा पुरी करायला सव्वा तास लागला. त्यांच्या नजरेत एका वेळी एकच मूर्ती मावते. ती निरखायची, मान थोडी वळवायची, मग दुसरी. एका मूर्तीच्या पायाशी बसलेली इवलीशी आकृती त्यांनी मला दाखवली. माझी नजर तिच्यावरून दोनदा गेली होती. सबंध देऊळ मी पाहिले होते आणि त्यातले काही पाहिले नव्हते.

गाभारा जमिनीच्या खाली आहे. वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात, आणि आत उजेड कमी. सौ. म्हणाल्या, "काका, येथूनच नमस्कार करा." पण कन्येने त्यांचा हात धरला आणि दोघे निघाली. काका पायऱ्या मोजत नव्हते. स्टेशने मोजत होते. "बोरीबंदर... मशीद... सँडहर्स्ट रोड... भायखळा..." प्रत्येक पायरीला एक. दादरला थोडा विसावा घेतला. भांडूपनंतर ते मुलुंड म्हणणार, तोच कन्या म्हणाली, "आजोबा, नाहूर राहिले!" "माझ्या वेळी नव्हते ते," काका म्हणाले, आणि तिच्या समाधानासाठी एक पायरी नाहूरला दिली. ठाणे झाले, कळवा आला, आणि पाय गाभाऱ्याला लागले.

त्या देवळाचे शिखर अपुरे आहे, त्यामुळे गाभाऱ्यावर आभाळ उघडे आहे. खालून वर पाहिले की काळोखात उजेडाचा एक तुकडा दिसतो. काका बराच वेळ मान वर करून उभे होते. मग एवढेच म्हणाले, "ही चकती लहान होत नाही."

यावर मी काय लिहावे? सौ. पदराने चष्मा पुसत होत्या. मीही खिशात रुमाल शोधत होतो.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत लांबचा बेत जमला असेल तर जरूर जा. जमला नसेल तर मुळीच हिरमुसू नका. आपापल्या स्टेशनच्या नकाशात जे कधीच पाहिले नाही असे एक नाव शोधा. जाताना घरातले एक म्हातारे आणि एक मूल बरोबर घ्या; म्हाताऱ्याला थांबता येते आणि मुलाला विचारता येते, मधल्या वयाच्या माणसांना दोन्ही जमत नाही. तेथे गेल्यावर तीन प्रश्न विचारा. पूर्वी ही वस्तू काय काम करीत होती? आता काय करते? आणि येथे राबले कोण? कणीस मिळाले तर उत्तमच.

आणि कृपा करून "पुढच्या वर्षी" म्हणू नका. किल्ले पुढच्या वर्षीही असतील. पाहणारे डोळे असतीलच असे नाही.

आमचा पुढचा रविवार नाशिकचा आहे. काकांना नारोशंकराची घंटा पाहायची आहे. नजर थोडी कमी पडली तरी चालेल, म्हणतात. घंटेचे काम डोळ्यांशी नसतेच. तिकिटे काढून झाली आहेत, आणि फराळाचा डबा सौ.नी आजच बाजूला काढून ठेवला आहे. वाचकांना दिवाळी सुखाची जावो. दोन घंटा!